माशी अडकली नावात

परीकथांच्या पुस्तकातली ती लालभडक, पांढऱ्या ठिपक्यांची छत्री आठवते? तिच्याखाली बुटके राहतात, वर बेडूक बसतो. ही चित्रकाराची कल्पना असे समजून आपण पान उलटतो. पण ही अळंबी खरोखरच उगवते. युरोपात, सायबेरियात, उत्तर अमेरिकेत, भूर्ज आणि पाइनच्या झाडांखाली ती सर्रास दिसते आणि ती विषारी आहे.

आपण रानातल्या नको त्या अळंबीला 'कुत्र्याची छत्री' म्हणून झटकून टाकतो. युरोपातल्या लोकांना हिच्या बाबतीत आठवली ती माशी! तिचे शास्त्रीय नाव 'अमानिटा मस्कारिया'. लॅटिनमध्ये 'मस्का' म्हणजे माशी. (डासाचा 'मॉस्किटो' याच घराण्यातला. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ छोटी माशी.) इंग्रज तिला 'फ्लाय अ‍ॅगॅरिक' म्हणतात, तर फ्रेंच सरळ 'माशीमार'.

कारण अगदी घरगुती आहे. अळंबीची पूड किंवा तुकडे बशीभर दुधात घालून ठेवायचे. दुधावर बसलेल्या माश्या गुंगून पडत. १३ व्या शतकात आल्बर्टस मॅग्नस या विद्वान धर्मगुरूने या उपायाची नोंद केली आहे. १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने शास्त्रीय नावातही माशीच ठेवली. गंमत म्हणजे कित्येक माश्या मरत नसत, नुसत्या झिंगत. वेळीच झाडून टाकल्या नाहीत, तर शुद्धीवर येऊन उडून जात!

खरा घोटाळा पुढे झाला. १८६९ मध्ये श्मीडेबर्ग आणि कोप्पे या जर्मन संशोधकांनी या अळंबीतून एक विष वेगळे काढले. नाव अर्थातच 'मस्करीन'. त्याने तोंडाला लाळ सुटते, हृदय मंदावते. उतारा अ‍ॅट्रोपिनचा. मग ही अळंबी खाल्लेल्यालाही अ‍ॅट्रोपिनच द्यावे, अशी समजूत झाली आणि ती बराच काळ टिकली. प्रत्यक्षात या अळंबीत मस्करीन असते अगदी नाममात्र. माणसाला आणि माशीलाही झिंगवणारी द्रव्ये, आयबोटेनिक आम्ल आणि मस्सिमॉल, ही निराळीच निघाली. ती ओळखली गेली १९६० च्या दशकात. अशा रुग्णाला अ‍ॅट्रोपिन दिले, तर त्याचा भ्रम आणखी वाढण्याचीच भीती.

मस्करीन मात्र वाया गेले नाही. शरीरातल्या ज्या ग्राहींवर ते काम करते, त्यांना डॉक्टर आजही 'मस्करिनिक' म्हणतात. आपल्याकडे फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाची विषबाधा झालेला शेतकरी रुग्णालयात येतो, तेव्हा याच ग्राहींवर अतिरेकी मारा होत असतो. छाती स्रावाने भरते, श्वास कोंडतो. तिथे तेच अ‍ॅट्रोपिन उपयोगी पडते. छाती मोकळी होऊन नाडी सुधारेपर्यंत डॉक्टर ते पुन्हा पुन्हा टोचत राहतात.