पहिला कॅमकॉर्डर : चित्राबरोबर आवाजहि

कॅमेरा विकत घेणारा गृहस्थ डोळ्यांनीं निवड करतो. परंतु वीस वर्षांनीं तेंच चित्रण पुनः लावलें म्हणजे घरांतील माणसें प्रथम कान टवकारतात. आजीचा चेहरा भिंतीवरच्या तसबिरींतहि असतो. तिनें नातवाला मारलेली हाक, गोष्ट सांगतां सांगतां मध्येंच थांबण्याची तिची लकब, हें मात्र तसबिरींत नसतें. घरगुती चित्रणाच्या यंत्राची योग्यता ठरवावयाची ती या कसोटीवर. आणि बेताच्या किंमतीचा पहिला कॅमकॉर्डर घेतांना बहुधा हीच कसोटी विसरली जाते.

चित्र आधीं आलें, आवाज मागाहून आला. रँग्लर परांजपे १९०१ च्या डिसेंबरांत केंब्रिजहून परतले, तेव्हां मुंबईंत झालेलें त्यांचें स्वागत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं चित्रित केलें. त्या काळच्या फिल्मवर आवाज उमटत नसे. माणसें हालतांना दिसत. त्यांचा शब्द ऐकूं येत नसे. चित्र टिपणारा कॅमेरा आणि चित्रासह ध्वनि नोंदविणारा रेकॉर्डर हीं दोन यंत्रें एकाच पेटींत बसवून सामान्य गिऱ्हाइकासाठीं विकण्यास सोनी कंपनीनें १९८३ सालीं आरंभ केला. कॅमेरा आणि रेकॉर्डर या दोन शब्दांचा जोड म्हणजेच कॅमकॉर्डर. पुढें १९८५ सालीं त्याच कंपनीचा हातांत मावणारा ‘हँडीकॅम’ आला, आणि तें नांव आपल्याकडे सर्वच घरगुती कॅमकॉर्डरांना चिकटलें.

आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल असतांना निराळें यंत्र घ्यावेंच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पांचदहा मिनिटांचें चित्रण करावयाचें असेल तर मोबाईल पुरतो. मंद प्रकाशांत तर चांगला मोबाईल स्वस्त कॅमकॉर्डरला मागें टाकतो. कॅमकॉर्डरचा उपयोग दीर्घ कार्यक्रमांत दिसून येतो. शाळेचें स्नेहसंमेलन, मुंज, गाण्याची बैठक, वडील माणसाची तासभर चाललेली मुलाखत अशा प्रसंगीं त्याची बॅटरी बदलतां येते, कार्ड बदलतां येतें, मध्येंच कोणाचा फोन येत नाहीं, आणि दूरच्या रंगमंचावरील मूल भिंगाच्या साह्यानें जवळ आणतां येतें. ज्या घरांत अशी गरज नाहीं, त्या घरानें हा खर्च न करणेंच बरें.

भिंगाच्या बाबतींत गिऱ्हाइकाची फसगत सर्वांत अधिक होते. दूरची वस्तु मोठी दिसण्याचे प्रकार दोन. ऑप्टिकल झूममध्यें भिंगें प्रत्यक्ष मागेंपुढें सरकतात व चित्राचा तपशील कायम राहतो. डिजिटल झूममध्यें चित्राचा मधला तुकडा कापून तो नुसता ताणला जातो. त्यामुळें चित्र फुटकें दिसूं लागतें. बाजारांत अनोळखी नांवांचे कित्येक स्वस्त कॅमकॉर्डर असे आहेत कीं, त्यांच्या खोक्यावर ‘४ के’ आणि ‘१६ पट झूम’ अशीं ठळक अक्षरें असतात, आणि आंत सरकणारें भिंगच नसतें. खोक्यावर ‘ऑप्टिकल’ हा शब्द नसेल तर तो आंकडा शून्य समजावा. याउलट सोनीच्या २०१५ सालच्या एचडीआर-सीएक्स ४०५ या साध्या कॅमकॉर्डरला ३० पट, आणि कॅननच्या २०१७ सालच्या व्हिक्सिया एचएफ आर ८०० ला ३२ पट खरा ऑप्टिकल झूम आहे.

तथापि खऱ्या झूमलाहि एक मर्यादा आहे. तो चित्र जवळ आणतो, आवाज जवळ आणीत नाहीं. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं कानावर पडणारी ध्वनीची शक्ति चौथाईवर येते; म्हणजे एक मीटरऐवजीं चार मीटरांवरून बोलणें टिपल्यास ती सोळाव्या हिश्श्यावर येते. छताचा पंखा व शेजारचा कुकर मात्र जेथल्या तेथेंच राहतात. म्हणून यंत्र निवडतांना बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची खांच आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. वर सांगितलेल्या दोन यंत्रांपैकीं कॅननमध्यें ती आहे, सोनीमध्यें नाहीं. खांच नसल्यास मार्ग अगदींच खुंटतो असें नाहीं : कॅमकॉर्डर हातभर अंतरावर ठेवावा, किंवा बोलणाऱ्याजवळ मोबाईल ठेवून त्यावर आवाज निराळा नोंदवावा. अशा वेळीं आरंभीं एक टाळी वाजवावी. टाळीच्या खुणेवरून चित्र व आवाज मागाहून संगणकावर जुळवितां येतात.

आवाजानंतर प्रकाश. स्वस्त कॅमकॉर्डरचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, फार लहान असतो. एका ट्यूबलाइटच्या उजेडांत त्याचें चित्र दाणेदार दिसतें. त्यावर उत्तम उपाय म्हणजे खिडकी. बोलणाऱ्यास खिडकीकडे तोंड करून, अथवा ती एका बाजूस ठेवून बसवावें. खिडकी त्याच्या पाठीशीं आली तर चेहरा काळवंडतो.

येथें परदेशाहून यंत्र आणविणारांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची आहे, अमेरिकेंतील ६० आवर्तनांची. पुष्कळ दिवे आवर्तनांच्या दुप्पट वेळां, म्हणजे आपल्याकडे सेकंदास १०० वेळां, मंद व तीव्र होतात. डोळ्यांना तें कळत नाहीं. परंतु अमेरिकेसाठीं बनविलेलें यंत्र सेकंदास ३० किंवा ६० चित्रें घेत असल्यानें त्यांत दिव्यांची लखलख उमटते. मुलानें किंवा भाच्यानें प्रेमानें आणलेल्या कॅमकॉर्डरमध्यें शटर १/५० अथवा १/१०० सेकंदावर ठेवण्याची सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास तें यंत्र दिवसाच्या उजेडांत वापरावें.

खर्चाची वांटणी करतांना सर्व रक्कम कॅमेऱ्यावर घालूं नये. एक साधा ट्रायपॉड, एक जादा बॅटरी, दोन चांगलीं मेमरी कार्डें व शर्टाला लावण्याचा छोटा मायक्रोफोन यांसाठीं कांहीं भाग राखून ठेवावा. कार्डाचा हिशेब सोपा आहे. सेकंदास २४ मेगाबिट या गतीनें नोंद केली तर मिनिटास १८० मेगाबाइट, म्हणजे तासास सुमारें ११ गिगाबाइट लागतात. ६४ गिगाबाइटचें कार्ड साडेपांच तासांहून थोडें अधिक पुरतें. जुनें यंत्र घेणारानें भिंगांतून विजेरीचा झोत टाकून पाहावा. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत भिंगाला बुरशी धरते, व ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. अशा यंत्राच्या वाटेस जाऊं नये.

वापरण्याची रीत थोडक्यांत सांगतां येते. एक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर धरावें. चालतां चालतां झूम करूं नये. कॅमेरा एकसारखा इकडून तिकडे फिरवूं नये. आणि चित्रण करणारानें स्वतः बोलूं नये, कारण त्याचें तोंड मायक्रोफोनच्या सर्वांत जवळ असतें.

शेवटची गोष्ट जतनाची. ज्या घरांत १९९० च्या सुमारास हँडीकॅम आला, तेथील टेप आज बुरशीनें खराब होत आहेत, आणि त्या वाजविणारें यंत्र मिळविणें कठीण झालें आहे. व्हीएचएस रेकॉर्डर बनविणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनें २०१६ सालीं तें उत्पादन थांबविलें. अशा टेप असतील तर त्या यंत्रें शिल्लक आहेत तोंच संगणकावर उतरवून घ्याव्यात. नव्या चित्रणाचीहि तीच काळजी घ्यावी : दर वेळीं दोन निरनिराळ्या डिस्कांवर दोन प्रती कराव्यात, त्यांतील एक दुसऱ्या घरीं ठेवावी, आणि फाइलीला तारीख, ठिकाण व माणसांचीं नांवें द्यावींत.

नवें यंत्र घरीं आलें कीं पहिलें चित्रण बहुधा गॅलरींतून दिसणाऱ्या रस्त्याचें होतें. त्याऐवजीं घरांतील सर्वांत वडील माणसाला खिडकीजवळ बसवावें, पंखा बंद करावा, मायक्रोफोन जवळ ठेवावा, आणि त्यांच्या लहानपणच्या घराविषयीं एक प्रश्न विचारून गप्प राहावें. रस्ता उद्यांहि तेथेंच असेल.