टाकी ते कार्बोरेटर

जुनी गाडी नव्याने उभी करायची म्हटलं की मालकाचा जीव रंगात आणि क्रोममध्ये अडकतो. परभणीत वसमत रस्त्यालगतच्या एका गॅरेजात मिस्त्री मात्र गाडीखाली उताणे पडून पेट्रोलची नळी कुठून न्यायची ते ठरवत होते. गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, मुळात फियाट 1100.  

सडलेली जुनी नळी त्यांनी भंगारात टाकली नव्हती. ती फरशीवर ठेवून तिची वळणं आधी जाड तारेत उतरवली, तार गाडीखाली धरून पाहिली, आणि मगच नवी स्टीलची नळी बेंडरमध्ये घातली. हाताने वाकवली तर ती चेपते आणि तिथेच पेट्रोल अडतं. तांब्याची का नको, असं विचारल्यावर म्हणाले, "तांबं वाकतंय चांगलं सर, पण थरथरीनं कडक होतंय, मग चिरतंय."

टाकी मागे, पंप पुढे इंजिनावर. गॅरेजात त्याला एसी पंप म्हणतात. तो पेट्रोल मागून ओढतो, म्हणजे गाडीखालच्या सगळ्या नळीत दाब नसतो, ओढ असते. बारीक छिद्र पडलं तर पेट्रोल ठिबकेलच असं नाही. नळी हवा ओढते आणि गाडी चढावर दम टाकते. एमजीबी या विलायती स्पोर्ट्‌स कारमध्ये विजेचा पंप मागे टाकीजवळ असतो आणि तो पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे तिथली गळती निदान दिसते, वासही येतो.

आणि परभणीचा उन्हाळा! मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, आणि पेट्रोलमधले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. ओढीमुळे ते आणखी लवकर वाफ धरतात, आणि वाफेमुळे पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. पंपावर ओला फडका ठेवून तो गार व्हायची वाट बघणारे ड्रायव्हर जुन्या लोकांनी पाहिले आहेत. म्हणून मिस्त्रींनी नळी सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने नेली, मध्ये कुठे उंचवटा येऊ दिला नाही, कारण वाफ तिथेच साठते. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, क्लॅम्पखाली रबराची पट्टी. तळाशी लोंबती ठेवली नाही. गिट्टीच्या रस्त्यावर दगड उडतातच.

रबरी होज फक्त दोन्ही टोकांना, आखूड. इंजिन हलतं, तेवढा ताण तिने सोसायचा. जास्त होज वापरून काम उरकणारे गॅरेजवाले पुष्कळ आहेत. मला ती चलाखी वाटत नाही, आळस वाटतो.

शेवटी इंजिनाजवळ पेट्रोलची बाटली टांगून तिच्यावर गाडी चालवून पाहिली, मग टाकीवर. बाटलीवर नीट आणि टाकीवर अडखळत चालली, तर दोष टाकीच्या बाजूला. इथे दोन्हीवर सारखी चालली. गरम इंजिनावर मिस्त्रींनी प्रत्येक सांध्यावर कोरडं बोट फिरवलं.

आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, चिरतं. तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर रंगाचं काम पुढच्या वर्षी काढा. इथेनॉल सोसणारी होज मागवून घ्या आणि ती या उन्हाळ्याआधी बदला.