एका पानावरून अनेक ओळींची दुरुस्ती

दि. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, हे व्यापारी बंधूंच्या स्मरणात असेलच. तूप, लोणी, बदाम हे जिन्नस १२ टक्क्यांवरून ५ वर आले. अंगाचा साबण व केसांचे तेल १८ वरून ५ वर उतरले. शेकडो जिन्नसांसाठी एकेक पान उघडून दर बदलणे म्हणजे रात्र जागविणेच होय. म्हणून सर्व जिन्नस एकाच पानावर मांडून ते एकदाच जतन करण्याची सोय संगणकावर केली जाते. ती कशी चालते व कोठे चुकते, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

डेटाबेसमधील तक्त्यात प्रत्येक जिन्नसाची एक ओळ व प्रत्येक ओळीस स्वतंत्र क्रमांक असतो. पान पाठविले म्हणजे सर्व्हर प्रत्येक ओळीसाठी, ‘अमुक क्रमांकाच्या जिन्नसाचा दर इतका करावा’, अशी आज्ञा डेटाबेसला देतो. आज्ञेतील क्रमांकाची अट राहून गेली, तर साऱ्याच ओळींना एकच दर लागतो.

परंतु खरा धोका जोडणीचा आहे. ‘किमतीत कर धरला आहे’ अशी खूण करावयाची चौकट प्रत्येक ओळीत आहे असे समजा. खूण न केलेली चौकट ब्राउझर पाठवीतच नाही. रकाने केवळ अनुक्रमाने जुळविले असतील, तर तिसऱ्या ओळीची खूण नसताना चौथीची खूण तिसरीस चिकटते, आणि पुढील साऱ्या खुणा एकेक घर वर सरकतात. संगणक तक्रार करीत नाही. चूक उघडकीस येते ती गिऱ्हाइकाच्या हाती बिल पडल्यावर! यास्तव प्रत्येक रकान्याच्या नावातच त्या ओळीचा क्रमांक गुंफावा.

दुसरे पथ्य असे की, साऱ्या आज्ञा एकाच व्यवहारात बांधाव्यात. मध्येच वीज गेली, तर एकही बदल टिकू नये. अर्धे दर नवे व अर्धे जुने, ही स्थिती सर्वांत वाईट. तिसरे, दोन मुनीम एकाच वेळी तेच पान उघडून बसल्यास नंतरचा आधीच्याचे काम पुसून टाकतो. प्रत्येक ओळीस आवृत्तिक्रमांक ठेवून, तो मध्यंतरी बदलला असल्यास ती दुरुस्ती नाकारावी.

तात्पर्य, नवी सोय घेण्यापूर्वी दोन-चार जिन्नसांवर ती अवश्य पारखून घ्यावी, व बदललेल्या ओळींची संख्या ताडून पाहावी. वहीचा मेळ घालण्याची आपली जुनी सवय येथेही उपयोगी पडेल.