शेतकरी कोणाला म्हणायचे?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्यामध्ये जिते हे लहानसे स्थानक आहे, तालुका पेण. पावसाळ्यात भोवती भाताची खाचरे, भात कापले की उरल्या ओलीवर वाल, आणि डोंगराच्या अंगाला वरकस. मुंबईत उभी हयात नोकरी केलेला आपला माणूस येथे उतरतो आणि अर्धा-पाऊण एकर कोठे मिळेल का, असे विचारीत हिंडतो. भाजीपाला करावा, चार कोंबड्या पाळाव्यात आणि आपल्या नावाचा एक सातबारा असावा, एवढीच त्याची अपेक्षा. अशी माणसे कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो ते येथे मांडतो.

भावाची बोलणी नंतरची. आधी कायदा विचारतो, तुम्ही शेतकरी आहात काय? १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार शेतजमीन शेतकऱ्याला किंवा शेतमजुराला विकत घेता येते. इतरांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यातही बिगरशेतकऱ्याचे इतर वार्षिक उत्पन्न बारा हजार रुपयांवर असेल, तर शेतीसाठी ही परवानगी देऊ नये, असे परंतुक या कलमात घातलेले आहे. वर्षाला बारा हजार! आज ज्याचे एवढेच उत्पन्न आहे तो जमीन कशाने घेणार? उलट, प्रादेशिक योजनेत औद्योगिक वापराला मुभा असलेल्या ठिकाणी कारखान्यासाठी जमीन घेणाऱ्याला १९९४ सालच्या ६३-१अ या कलमाने ठरावीक मर्यादेपर्यंत परवानगीच्या जाचातून मोकळे केले. कारखानदाराला शेतकरी असावे लागत नाही; भाजी लावू पाहणाऱ्या निवृत्त सफाई कामगाराला मात्र असावे लागते.

कलमामागचा हेतू वाईट नव्हता. सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या घशात जमीन जाऊ नये, यासाठी ते होते. पण १९४८ साली शेतकरी म्हणून कागदावर कोण होते? या जिल्ह्यात (१९८१ पर्यंत त्याचे नाव कुलाबा) खोतांचे राज्य होते. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी जमीन मिळाली ती ज्याचे नाव कूळ म्हणून लागले होते त्याला. जो बांधावर राबला पण ज्याचे नाव कोठेच लागले नाही, तो मुंबईला गेला. त्याच्या नातवाला आता आपण विचारतो, तुझा सातबारा कोठे आहे?

तो पुष्कळदा असतो. म्हणून मी सांगतो, जित्याला येण्याआधी आपल्या मूळ गावी जा. महारवतनाची जमीन बहुतेक गावांत होती. हे वतन म्हणजे गुलामीची बेडी, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्याविरुद्ध विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने बरखास्त झाली आणि साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्या वतनदाराला जमीन परत मिळाली. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या कित्येकांना ही रक्कम भरायची असते हेही कळले नाही. पण भाऊबंदांपैकी कोणी ती भरली असेल, तर आजोबांच्या नावाखाली वारस नोंद होऊ शकते. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) मृत्यूचा दाखला आणि वंशावळ घेऊन जावे. बहिणींची नावे गाळू नयेत. हिश्श्याला दोन गुंठे येवोत नाहीतर अर्धा. महाराष्ट्रात कोठेही नावावर शेतजमीन असली, की व्यवहारात तोच उतारा शेतकरी असल्याचा पुरावा धरतात. ज्या वतनाने आपल्याला वेठीला जुंपले, त्याचाच कागद आज दार उघडतो. मला यात आनंद वाटत नाही, पण तो कागद सोडूही नये.

दुसरी गोष्ट स्वस्त जमिनीची. रस्त्यालगतच्या भावाच्या निम्म्याने जमीन दाखवली, की आधी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना आणि भोगवटादाराचा वर्ग वाचावा. वर्ग २ असेल तर परवानगी आणि नजराणा आलाच. ती जमीन कदाचित आपल्याच कोणाचे वतन असेल. जमीन कातकऱ्याची किंवा ठाकराची असेल, तर जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आड येते, आणि यावेच. साध्या कागदावर अंगठा घेऊन कातकऱ्याचा तुकडा आपण घ्यायचा, तर मग खोताशी आपले भांडण कशाचे होते? फेरफार जुने काढून पाहावेत. बेकायदा खरेदी ८४-क कलमाखाली रद्द होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. मध्यस्थ तोवर पैसे घेऊन गेलेला असतो. खाडीकडची जमीन असेल तर भरतीच्या दिवशी जाऊन बांध पाहावा. खारे पाणी शिरलेल्या खाचरात भातही धड होत नाही, भाजीचे नावच नको.

राहिला भाव. पेण तालुक्यातल्या बावीस गावांनी सप्टेंबर २००८ मध्ये महामुंबई सेझबाबत सार्वमतात आपला कौल दिला. सेझ गेला, पण जमिनीवरची नजर गेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. पण त्या वर्षी ठरलेली कमाल किंमत एकरी जिरायतीला पाच लाख आणि बागायतीला आठ लाख. या पट्ट्यात त्या दराने जमीन विकायला कोण पुढे येणार? ज्या दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले, त्यांच्या नावाची योजना जित्याच्या स्थानकावर उतरूच शकत नाही. ही मर्यादा त्या त्या तालुक्याच्या चालू बाजारमूल्याला बांधावी आणि ६३ व्या कलमातले ते बारा हजार रुपये काढून टाकावेत, या दोन मागण्यांची निवेदने तहसील कचेऱ्यांत द्यायला हवीत.