नको असेल तर आत्ताच सांगा : रद्द होणाऱ्या ऑनलाइन ऑर्डरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

परत आलेलं पार्सल टेबलावर ठेवलं, ब्लेडनं टेप कापली आणि आतून बाळाची गोधडी बाहेर काढली. मऊ सुती साड्यांचे थर, त्यांवर बारीक धावदोरा आणि एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं काढलेलं तीन अक्षरी नाव. ज्या काकूंनी ती शिवली होती, त्या शेजारीच बसल्या होत्या. काही न बोलता त्यांनी नाव उसवायला घेतलं. दोरा निघाला, पण सुईची भोकं तशीच राहिली.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या बचत गटाची ऑनलाइन विक्री मी सांभाळते. त्या दिवशी मीही ग्राहकावर चिडले होते. पुढे हिशेबाची वही, कुरिअरची बिलं आणि कायद्यातली कलमं एकत्र घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की आमच्या रागाचा अर्धा भाग अपुऱ्या माहितीतून आलेला होता. लोणची, चपला, साड्या, दागिने असं काहीही घरून विकणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी मी तेच गैरसमज ऐकते. म्हणून ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : ऑर्डर देऊन रद्द करणाऱ्याच्या मनात खोटच असते.

वस्तुस्थिती : मुद्दाम त्रास देणारे लोक असतात, हे खरं. पण आमच्या वहीत मी रद्द झालेल्या प्रत्येक ऑर्डरपुढे कारण लिहायला लागले, तेव्हा वेगळीच माणसं दिसली. पार्सल आलं त्या दिवशी घरात रोख पैसे नव्हते. पत्त्यात वाडीचं नाव राहिलं होतं. सासूबाईंनी पार्सल दारातूनच परत पाठवलं, कारण सुनेनं काय मागवलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बारसं उरकलं आणि गोधडी दोन दिवसांनी पोचली.

यातलं शेवटचं कारण तर आपल्याच बाजूचं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे २३ जुलै २०२० रोजी लागू झाले. सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेली वस्तू परत घ्यायला किंवा तिचे पैसे द्यायला ऑनलाइन बाजारातला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं ते नियम सांगतात. पूर, वादळ अशा हाताबाहेरच्या कारणानं उशीर झाला तरच त्याला सूट आहे. म्हणून 'चार दिवसांत पोचेल' असं लिहिण्यापूर्वी कुरिअर आपल्या गावातून रोज माल उचलतं का, हे पाहायला हवं.

गैरसमज २ : ऑर्डर कधीही रद्द झाली तरी नुकसान सारखंच.

वस्तुस्थिती : सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. 'कॅन्सल' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो.

पहिली, माल घरातून निघण्यापूर्वी रद्द झालेली ऑर्डर. तयार माल असेल तर यात आपला खर्च जवळजवळ शून्य. वस्तू कपाटात, लेबल रद्द, विषय संपला.

दुसरी, माल वाटेत असताना किंवा दारात नाकारलेली. विक्रेते तिला 'आरटीओ झालं' म्हणतात, म्हणजे पार्सल मूळ पत्त्यावर परत निघालं. तिसरी, माल घेऊन, उघडून, मग परत केलेली. या दोन्हींत पैसे जातात.

समजा, पाठवणी ८० रुपये, परतीचा खर्च ७० आणि पॅकिंग १५. झाले १६५ रुपये. एका गोधडीमागे १२० रुपये सुटत असतील, तर एक परत आलेलं पार्सल एका विक्रीचा नफा खाऊन दुसऱ्या विक्रीच्या नफ्यालाही हात घालतं. वर ती गोधडी आठ-पंधरा दिवस फिरतीवर असते आणि तेवढे दिवस दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

कुरिअरचा दर नुसत्या काट्यावरच्या वजनावर ठरत नाही, हेही नव्या विक्रेत्याला उशिरा कळतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी त्याला ५००० नं भागायचं. हे झालं आकारमानाचं वजन. ते आणि खरं वजन यांत जे जास्त, त्यावर आकारणी होते. आमची बाळाची गोधडी काट्यावर ७०० ग्रॅम भरते. पण ३० बाय २५ बाय १० सेंटिमीटरच्या खोक्यात ती दीड किलोची ठरत होती. घट्ट गुंडाळून उंची ६ सेंटिमीटरवर आणली, तर तीच ९०० ग्रॅमवर येते. हा फरक जाताना वाचतो आणि पार्सल परत आलंच तर येतानाही वाचतो.

गैरसमज ३ : ऑर्डर दिली म्हणजे करार झाला. आता ग्राहकाला मागं फिरता येत नाही.

वस्तुस्थिती : भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ नुसार प्रस्ताव देणाऱ्याला, समोरच्याचा स्वीकार कळवला जाण्यापूर्वी तो मागे घेता येतो. ग्राहकानं ऑर्डर देणं हा बहुधा प्रस्तावच असतो. काही ऑनलाइन प्लॅटफॉर्मच्या अटींत तर माल रवाना झाला की मगच करार पक्का झाला असं धरलेलं असतं. ज्या प्लॅटफॉर्मवर विकता, तिथल्या अटी एकदा शांतपणे वाचाव्यात.

करार पक्का झाल्यावर विनाकारण माल नाकारला, तर मालविक्री कायदा, १९३० चं कलम ५६ विक्रेत्याला नुकसानभरपाई मागण्याचा हक्क देतं. हक्क खरा आहे. पण हजार-बाराशेच्या गोधडीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? मोठ्या किमतीच्या किंवा घाऊक ऑर्डरीत मात्र हे कलम लक्षात ठेवावं आणि मागणी लेखी घ्यावी.

गैरसमज ४ : ऑनलाइन घेतलेली कुठलीही वस्तू सात दिवसांत परत करता येते, असा कायदाच आहे.

वस्तुस्थिती : असा सरसकट हक्क भारतात नाही. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीतून १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते, त्यालाही अपवाद आहेत. आपल्याकडे सात किंवा दहा दिवसांची मुदत ही त्या त्या प्लॅटफॉर्मनं किंवा विक्रेत्यानं स्वतः दिलेली सवलत असते. एकदा जाहीर केली की मात्र ती पाळावी लागते.

याची दुसरी बाजू विक्रेते विसरतात. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं म्हणून आपण मोकळे होत नाही. वस्तू सदोष निघाली, बनावट निघाली किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली, तर ती परत घ्यावीच लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर मुदत छापलेली नसेल, तर ३० दिवस धरले जातात. फोटोत गर्द जांभळी दिसणारी गोधडी प्रत्यक्षात वांगी रंगाची असेल, तर चूक ग्राहकाची नाही. आम्ही आता फोटो दिवसाच्या उजेडात, ओसरीवर काढतो आणि शेजारी मोजपट्टी ठेवतो. त्यामुळे 'एवढीच होय?' हा प्रश्न जवळजवळ बंद झाला.

गैरसमज ५ : रद्द केल्याबद्दल दंड लावला की लोक सुधारतील.

वस्तुस्थिती : २०२० च्या नियमांनुसार, ई-कॉमर्स व्यवसाय स्वतः ऑर्डर रद्द करताना तसाच भार सोसत नसेल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचं शुल्क घेऊ शकत नाही. माल संपला म्हणून आपण ऑर्डर रद्द करतो, तेव्हा ग्राहकाला आपण काय देतो, हे आधी स्वतःला विचारावं. 'मी तर घरगुती विकते, मला कुठले नियम?' हेही खरं नाही. या नियमांतून सूट आहे ती व्यक्तिगत स्वरूपाच्या व्यवहाराला. नियमितपणे, व्यवसाय म्हणून केलेल्या विक्रीला ती नाही.

गैरसमज ६ : कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : दारात पैसे देण्याची पद्धत इथं रुजली, कारण न पाहिलेल्या दुकानावर लोकांचा भरवसा नव्हता. फ्लिपकार्टनं ती २०१० मध्ये सुरू केली आणि ऑनलाइन खरेदी कार्ड नसलेल्या घरांत पोचली. आज यूपीआय हाताशी असूनही, अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे द्यायला माणूस कचरतो, आणि त्याचं कचरणं रास्त आहे. सीओडी एकदम बंद केली, तर रद्द ऑर्डरींबरोबर खऱ्या ऑर्डरीही जातात.

आम्हाला उपयोगी पडला तो एक फोन. माल बांधण्यापूर्वी करायचा.

"ताई, बाळाच्या गोधडीची ऑर्डर तुमचीच ना?"

"अगं बाई, ती होय! पोरानं मोबाईल खेळता खेळता दाबली असणार."

"काही हरकत नाही. नको असेल तर आत्ताच सांगा, आम्ही लगेच रद्द करतो."

त्या ताईंना किती हलकं वाटलं, ते आवाजातून कळत होतं. आमचे जाण्यायेण्याचे दीडशे रुपये वाचले. महिन्याभरानं त्यांनीच बहिणीसाठी मोठी गोधडी मागवली, पैसे आगाऊ देऊन.

नाव काढून द्यायच्या गोधडीला आम्ही थोडी रक्कम आधी घेतो. ती एकूण किमतीतूनच वजा होते. नाव काढायला घेण्यापूर्वी रद्द केलं, तर पूर्ण परत देतो, आणि हे ऑर्डर घेतानाच मराठीत लिहून पाठवतो.

गैरसमज ७ : परत गेलेल्या विक्रीवरचा जीएसटी बुडाला.

वस्तुस्थिती : नोंदणीकृत विक्रेत्याला जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार क्रेडिट नोट काढून तेवढा कर कमी करता येतो. मुदत आहे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांत जे आधी असेल ते. प्लॅटफॉर्म आपल्या रकमेतून जो कर कापून ठेवतो, तोही परत आलेला माल वजा करून उरलेल्या विक्रीवर असतो. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर ०.५ टक्के आहे. दर महिन्याला प्लॅटफॉर्मचा परताव्याचा अहवाल उतरवून घ्या आणि आपल्या वहीशी ताडून पाहा.

गैरसमज ८ : ऑर्डर रद्द करणाऱ्यांचे नंबर ग्रुपवर टाकावेत, म्हणजे इतर विक्रेते सावध होतील.

वस्तुस्थिती : नाव, पत्ता, फोन नंबर ग्राहकानं माल पोचवण्यासाठी दिलेला असतो. तो चारचौघांत फिरवणं हा विश्वासघात आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला आहे. आणि 'फसवणारा' असा शिक्का मारून एखाद्याचं नाव पसरवलं, तर बदनामीची तक्रार आपल्यावरच येऊ शकते. नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी. त्याच नंबरावरून पुन्हा ऑर्डर आली, तर आगाऊ पैसे मागावेत. एवढं पुरतं.

गैरसमज ९ : परत आलेला माल तसाच पुढच्या ग्राहकाला पाठवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : कधी आत दुसरीच वस्तू निघते, कधी वस्तूला डाग असतो. म्हणून परतीचं पार्सल लेबल दिसेल असं धरून, मोबाईलचा व्हिडिओ न थांबवता उघडावं. पाठवतानाही तसाच व्हिडिओ काढावा. भरपाईचा दावा प्लॅटफॉर्मनं दिलेल्या थोड्या दिवसांतच करावा लागतो, आणि तेव्हा पुरावा हाच असतो.

या सगळ्यातून आमचा एक नियम बनला : रद्द करण्याची वाट सोपी ठेवायची, पण ती माल निघण्यापूर्वीची ठेवायची. लोकांना 'नको' म्हणायला अवघड वाटलं की ते फोन उचलत नाहीत, आणि त्यांचा नकार मग दारात, कुरिअरवाल्याच्या तोंडून येतो. तोच आपल्याला सगळ्यात महाग पडतो.

ती भोकं राहिलेली गोधडी आम्ही विकली नाही. गटाच्या खोलीत, नावं काढायला बसतात त्या जागी, ती अंथरलेली असते. काकू आता सुईत लाल दोरा ओवण्यापूर्वी मला विचारतात, "फोन झाला का गं?" मी हो म्हटलं, की मगच पहिला टाका पडतो.