सनदेआधीची वकिली

ठाण्यात चेंदणी बंदर रोडवर, खाडीच्या कडेला विद्या प्रसारक मंडळाचं आवार आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या या मंडळानं १९७२ मध्ये टीएमसी विधी महाविद्यालय सुरू केलं. नावातली ‘टीएमसी’ म्हणजे तेव्हाची नगरपरिषद. महानगरपालिका आली त्यानंतर दहा वर्षांनी, १९८२ मध्ये. ठाण्यात ‘टीएमसी लॉ’ एवढं म्हटलं की पुरतं. अलीकडे बाळकुमला मुंबई विद्यापीठाच्या उपपरिसरातही कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

कायद्याच्या कॉलेजात मुलांचे गट असतातच. कुणी अभिरूप न्यायालय भरवतं, कुणी परिसंवाद, कुणी वस्तीत जाऊन कायदेविषयक शिबिर घेतं. यातलं शिबिर हौसेचं नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असायलाच हवं: ज्येष्ठ प्राध्यापकाची देखरेख, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि विधी सेवा प्राधिकरणाचं सहकार्य. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातही महाविद्यालयांतल्या अशा केंद्रांचा उल्लेख आहे.

कॅलेंडर ठरलेलं. ९ नोव्हेंबर विधी सेवा दिन, २६ नोव्हेंबर संविधान दिन, १० डिसेंबर मानवी हक्क दिन. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दोन भाषणं, सामूहिक फोटो, प्रमाणपत्र. अशा शिबिरातून माणूस ‘कायदा सगळ्यांसाठी आहे’ हे ऐकून घरी जातो. त्याची फाईल मात्र पिशवीतच राहते.

विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहता येत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानं तो हक्क सनदधारकालाच दिला आहे. पण ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसाची अडचण बहुतेक वेळा कोर्टाच्या पायरीआधीच सुरू होते. कुठला अर्ज, कुणाकडे, किती दिवसांत, सोबत काय जोडायचं? हे सांगायला काळा कोट लागत नाही. प्राध्यापकाच्या नजरेखाली तिसऱ्या वर्षाचा मुलगा ते नीट करू शकतो.

इमारतींचंच घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितलं. पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून बिल्डरांनी महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले होते. क्रमांक पाहून आयुष्याची पुंजी घातलेली कुटुंबं त्यात अडकली. महारेराचा क्रमांक आणि पालिकेची बांधकाम परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही तपासायच्या असतात, हे बुकिंगच्या आधी सांगणारं कुणी हवं होतं. जुन्या सोसायट्यांचं दुखणं वेगळं. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर. १९६३ च्या मोफा कायद्याखाली सोसायटी नोंदल्यावर साधारणपणे चार महिन्यांत बिल्डरनं ती सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. तो टाळत राहिला तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन नावावर करून घेण्याचा, अर्ज करता येतो. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की मग याची आठवण येते!

दुसरा विषय लोकल. दिवा-मुंब्र्याच्या गर्दीत दारातून माणूस पडतो आणि घरच्यांना वाटतं, त्याचीच चूक, आता काय मिळणार? रेल्वे कायद्याचं कलम १२४-अ म्हणतं, गाडीतून अपघातानं पडलेल्या प्रवाशाच्या बाबतीत रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. चढताना पडणंही यात येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं. मृत्यू झाल्यास भरपाई ८ लाख रुपये. अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे २०१८ च्या रीना देवी खटल्यातलं. तो वैध प्रवासी होता, असं प्रतिज्ञापत्र मात्र आधी वारसांनी द्यायचं. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणात, एका वर्षाच्या आत. रूळ ओलांडताना गेलेल्यांना हे कलम सहसा लागू होत नाही. तेही स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर खोटी आशा लावून आपण मोकळे. कल्याण आणि डोंबिवली स्टेशनबाहेर एका टेबलावर एवढं सांगितलं, तरी ते दहा परिसंवादांपेक्षा जास्त उपयोगाचं.

म्हणून विद्यार्थ्यांच्या शिबिराचा हिशेब हजेरीवर करू नये. किती अर्ज लिहिले गेले, त्यातले किती पोचवले गेले आणि सहा महिन्यांनी कुणी विचारपूस केली का, हे पाहावं. खरी अडचण तिथेच आहे. परीक्षा येते, बॅच बदलते, शेवटच्या वर्षाची मुलं निघून जातात आणि अर्जदार नव्या मुलांसमोर पहिल्यापासून सगळं सांगत बसतो. केंद्रात एक जाड नोंदवही ठेवली आणि ती पुढच्या बॅचच्या हाती सोपवली, तर खर्च जवळजवळ शून्य.

वकील लागलाच तर स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले यांना उत्पन्न न पाहता मोफत मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे. हेल्पलाईन १५१००. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेला जवळच्या लॉ कॉलेजातल्या मुलांना बोलवा. भाषण नको म्हणून आधीच सांगा, आणि करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं नोंदणीपत्र त्यांच्यापुढे ठेवा.