सर्वांत चांगला कीं सर्वांत मोलाचा?

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात त्यांत पायाचा आणि चेंडूचा संबंध फार थोडा वेळ येतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो हातांत घेऊन पळावयाचें किंवा हातानें पुढें फेंकावयाचा, आणि प्रतिपक्षानें धांवून जाऊन चेंडूवाल्यास भुईवर लोळवावयाचें, असा हा प्रकार आहे. तथापि केवळ खेळाचें वर्णन करण्यासाठीं आम्ही लेखणी हातीं घेतलेली नाहीं. सामना संपल्यावर जो दुसरा खेळ सुरू होतो, म्हणजे कोणता गडी थोर व कोणता सामान्य याविषयींचा प्रेक्षकांचा वाद, तो आम्हांस अधिक मनोरंजक व अधिक बोधप्रद वाटतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें, सुना व नातवंडें आज अमेरिकेंत राहतात. ‘आमची टीम हरली’ एवढें आजोबांस सांगून नातू गप्प बसतो, कारण पुढचें आजोबांस कळावयाचें नाहीं अशी त्याची खात्री असते. ती खात्री खोटी ठरावी, हाही या लेखाचा एक हेतु आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी असतात. मैदान शंभर यार्ड लांब. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यास चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत दहा यार्ड पुढें सरकतां आलें, तर पुन्हा नवे चार प्रयत्न. असें करीत शेवटची रेषा ओलांडली म्हणजे ‘टचडाउन’ होतो व त्याचे सहा गुण मिळतात. चेंडू कोणाच्या हातीं द्यावयाचा, कोणाकडे फेंकावयाचा, कीं स्वतःच घेऊन पळावयाचें, हें क्षणार्धांत ठरविणारा जो गडी त्यास ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. आपण त्यास सेनापति म्हणूं. एकंदर ३२ संघ आहेत. २०२१ सालापासून प्रत्येक संघास हंगामांत १७ सामने खेळावे लागतात. सप्टेंबरांत हंगामास आरंभ होतो, जानेवारींत निवडक संघांचे बाद सामने होतात, आणि फेब्रुवारींत ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना होऊन सर्व गडबड शांत होते. म्हणजे मैदानावरची गडबड शांत होते. वाद पुढें चालूच राहतो.

आमच्या नैयायिकांनीं चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय तें जाणण्यासाठीं केलेली चर्चा तो वाद. कसेंही करून आपलाच पक्ष जिंकावा म्हणून केलेली ती जल्प. आणि स्वतःचा कांहींच पक्ष न मांडतां दुसऱ्याचें केवळ खंडन करीत सुटणें ती वितंडा. अमेरिकन प्रेक्षकांस हीं नांवें ठाऊक नसतील, पण तिन्ही प्रकार त्यांच्या अंगवळणीं पडलेले आहेत. १९८७ सालीं न्यूयॉर्क येथें डब्ल्यूएफएएन हें नभोवाणी केंद्र अहोरात्र केवळ खेळांच्या चर्चेसाठीं सुरू झालें, आणि रात्रीं दोन वाजतांही दूरध्वनी करून आपलें मत मांडणारे श्रोते त्यास मिळाले. ज्यास वादाचा पुरवठा म्हणतात तो त्या देशांत कधीं कमी पडत नाहीं.

उदाहरणादाखल २०२४ चा हंगाम घेऊं. त्या वर्षीं दोन सेनापतींचीं नांवें सर्वांच्या तोंडीं होतीं: बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा लमार जॅक्सन आणि बफलो बिल्स संघाचा जॉश ॲलन. दोघेही २०१८ सालच्या एकाच निवडींतून या व्यवसायांत आले. ॲलनची निवड सातव्या क्रमांकावर झाली. जॅक्सनचें नांव पहिल्या फेरीच्या अगदीं शेवटीं, बत्तिसाव्या क्रमांकावर पुकारलें गेलें. पुढें जॅक्सननें २०१९ व २०२३ अशा दोन हंगामांत ‘सर्वांत मोलाचा गडी’ हा मान मिळविला. ॲलनच्या वांट्यास तो तोंवर एकदांही आला नव्हता.

२०२४ मध्यें जॅक्सननें फेंकीनें ४,१७२ यार्ड मिळविले, ४१ टचडाउन करविले, आणि त्याचा चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं केवळ चार वेळां गेला. शिवाय तो स्वतः ९१५ यार्ड धांवला. एकाच हंगामांत फेंकीचे चार हजार आणि धांवेचे नऊशें यार्ड ओलांडणारा तो पहिलाच गडी. ॲलनचे फेंकीचे यार्ड ३,७३१ व टचडाउन २८. पण त्यानें स्वतः धांवून आणखी १२ टचडाउन केले. बफलोनें १७ पैकीं १३ सामने जिंकले, बाल्टिमोरनें १२. दोघांची प्रत्यक्ष गांठ २९ सप्टेंबर रोजीं पडली, तींत बाल्टिमोरनें बफलोस ३५ विरुद्ध १० असें धुऊन काढलें. आमच्यासारखा जुना शिक्षक एवढे आंकडे पाहून म्हणेल कीं, पहिला क्रमांक जॅक्सनचा. पुढची उत्तरपत्रिका आणा.

परंतु निकाल मोठा चमत्कारिक लागला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें नेमलेल्या ५० पत्रकारांच्या मंडळानें त्या वर्षींच्या सर्वोत्तम संघांत सेनापति म्हणून जॅक्सनची निवड केली. आणि त्याच मंडळानें सर्वांत मोलाचा गडी म्हणून ॲलनची निवड केली. ॲलनला पहिल्या पसंतीचीं २७ मतें पडलीं, जॅक्सनला २३. एकूण गुण अनुक्रमें ३८३ व ३६२. बाल्टिमोरचे लोक संतापले. ‘जो सर्वांत चांगला तोच सर्वांत मोलाचा नव्हे काय?’ हा त्यांचा प्रश्न, आणि वरवर पाहतां तो बिनतोड आहे.

बफलोकरांचें उत्तर ऐकण्यासारखें आहे. ते म्हणतात, जॅक्सनच्या पाठीशीं डेरिक हेन्री नांवाचा धिप्पाड धांवपटु होता. त्यानें एकट्यानें १,९२१ यार्ड मिळविले. उलट ॲलनचा मुख्य सहकारी स्टेफॉन डिग्ज यास हंगामापूर्वींच ह्यूस्टन संघाकडे धाडण्यांत आलें होतें. मोडक्या संसाराचा गाडा ज्यानें ओढून दाखविला त्याचें मोल अधिक. यावर बाल्टिमोरकर विचारतात, चांगला जोडीदार मिळाला हा काय जॅक्सनचा अपराध? आणि दोनदां मान मिळाला म्हणून तिसऱ्यांदा देण्याचा परीक्षकांस कंटाळा आला असेल, तर तो न्याय कसला?

आमच्या मतें भांडणाचें मूळ शब्दांत आहे. ‘चांगला’ आणि ‘मोलाचा’ हे समानार्थी शब्द नव्हेत. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. घरांत सर्वांत अधिक मिळविणारा एक असतो, आणि जिच्यावांचून घराचें चाक एक दिवसही फिरणार नाहीं अशी माउली दुसरीच असते. गुण विचारले तर पहिल्याचें नांव घ्यावें, मोल विचारलें तर दुसरीचें. मंडळानें दोन निरनिराळ्या प्रश्नांस दोन निरनिराळीं उत्तरें दिलीं, यांत विसंगति नाहीं. ॲलनला दिलेला मान आम्हांस अयोग्य वाटत नाहीं. पण परीक्षक अप्रामाणिक आहेत असें जे ओरडत सुटले, त्यांची गणना वितंडा करणारांतच करावी लागेल.

आतां आंकड्यांविषयीं दोन शब्द. सेनापतीच्या फेंकीचें मूल्यमापन करण्यासाठीं १९७३ सालापासून एक सूत्र वापरण्यांत येतें. साधलेल्या फेंकींचें प्रमाण, यार्ड, टचडाउन व प्रतिपक्षानें पकडलेले चेंडू, या चार गोष्टींवरून तें बसविलेलें आहे. यांत पैकींच्या पैकीं गुण किती असावेत? शंभर नव्हेत, दीडशेंही नव्हेत, तर १५८.३! जन्मभर शंभरांपैकीं गुण देण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्यास हें वाचून हंसूं आवरेना. पण हास्याची गोष्ट सोडली तरी एक दोष राहतोच: सेनापति स्वतः किती धांवला हें या सूत्रांत मुळींच धरलेलें नाहीं. ज्या दोघांविषयीं वाद चालला होता त्यांचें निम्में कौशल्य त्यांच्या पायांत! शिवाय आंकडे एकट्याचे असतात, जय सर्वांचा असतो. त्याच हंगामांत सिनसिनाटी संघाचा सेनापति जो बरो यानें फेंकीचे ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन केले. दोन्ही बाबतींत तो सर्वांच्या पुढें होता. तरी त्याचा संघ नऊ सामने जिंकून व आठ हरून बाद फेरीच्या बाहेरच राहिला, कारण दुसऱ्या बाजूस त्याचें संरक्षण गळक्या घागरीसारखें होतें.

जे सेनापति नव्हेत त्यांची उपेक्षा कशी होते हेंही पाहण्यासारखें आहे. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा सेक्वॉन बार्कली त्या वर्षीं २,००५ यार्ड धांवला. १९८४ सालीं एरिक डिकरसननें केलेला २,१०५ यार्डांचा विक्रम मोडण्यास त्यास अवघे १०१ यार्ड हवे होते, आणि एक सामना शिल्लक होता. पण संघाचें स्थान निश्चित झालें होतें, म्हणून प्रशिक्षक निक सिरियानी यांनीं त्यास शेवटच्या सामन्यांत विश्रांति दिली. कोणी म्हणाले, हातांत आलेली कीर्ति घालविली. कोणी म्हणाले, डिकरसनला १६ सामन्यांत जें साधलें तें सतराव्या सामन्याच्या कुबडीवर साधण्यांत अर्थ काय? निकाल ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें लागला. फिलाडेल्फियानें कॅन्सस सिटीस ४० विरुद्ध २२ असें हरवून सुपर बोल जिंकला. तो दिवस बार्कलीचा अठ्ठाविसावा वाढदिवस होता. तथापि पहिल्या पसंतीच्या ५० मतांपैकीं त्यास एकही मिळालें नव्हतें. २०१२ सालीं ॲड्रियन पीटरसन यास मोलाचा गडी ठरविल्यानंतर पुढील बारा हंगामांत सेनापतीवांचून दुसऱ्या कोणासही तो मान लाभलेला नाहीं.

येथपर्यंतचा सर्व वाद निरुपद्रवी आहे. परंतु त्यांत आतां दोन गोष्टी शिरल्या आहेत. पहिली, काल्पनिक संघांचा खेळ. १९६२ सालीं ओकलंड संघाचे एक भागीदार बिल विंकनबाख यांनीं मित्रांच्या साह्यानें तो काढला. निरनिराळ्या संघांतील गडी निवडून कागदावर आपला संघ रचावयाचा, आणि ते गडी प्रत्यक्षांत जसे खेळतील तसे आपणांस गुण मिळावयाचे. जणूं पांडवांकडून भीम, कौरवांकडून कर्ण घेऊन आपली तिसरीच सेना उभी केली! यांत करमणूक आहे. पण यामुळें गडी हा माणूस न राहतां आंकड्यांचा उगम होऊन बसतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पैजा लावण्यास मोकळीक देण्याची राज्यांस मनाई करणारा केंद्रीय कायदा मे २०१८ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें रद्द केला, आणि त्यानंतर बऱ्याच राज्यांनीं खेळांवरील पैजा कायदेशीर केल्या. अमुक गडी आज किती यार्ड धांवेल यावरही पैसे लागतात. ज्याचे पैसे बुडाले तो वाद करीत नाहीं. तो शिव्या देतो.

हीं माणसें आहेत याची आठवण २ जानेवारी २०२३ रोजीं सर्वांस झाली. सिनसिनाटी येथें सामना चालू असतां बफलोचा डामार हॅमलिन हा चोवीस वर्षांचा गडी प्रतिस्पर्ध्यास अडवून उठला आणि लगेच कोसळला. त्याचें हृदय बंद पडलें होतें. मैदानावरच उपचार करून तें पुन्हा चालू करण्यांत आलें. सामना तेथेंच थांबला व पुढें रद्दच झाला. या तरुणानें पूर्वीं कधीं मुलांस खेळणीं वाटण्यासाठीं अडीच हजार डॉलरांचा निधि मागितला होता. कांहीं दिवसांत त्यांत ऐंशीं लक्षांहून अधिक डॉलर जमा झाले. देणारांत सर्व संघांचे चाहते होते. हॅमलिन बरा होऊन पुन्हा खेळूं लागला, ही ईश्वराची व वैद्यांची कृपा.

आणखी एक प्रसंग सांगून हा लेख पुरा करतों. १९ जानेवारी २०२५ रोजीं बफलो व बाल्टिमोर यांची बाद फेरींत पुन्हा गांठ पडली. दीड मिनिट उरलें असतां बाल्टिमोरनें टचडाउन करून २७ विरुद्ध २५ अशी स्थिति आणली. बरोबरीस दोन गुण हवे होते. जॅक्सननें चेंडू मार्क अँड्र्यूज याच्याकडे फेंकला; तो त्याच्या हातांतून निसटला, आणि बाल्टिमोरचा हंगाम संपला. वर्षानुवर्षें ज्याच्या हातांवर विश्वास टाकला, त्याच्यावर आपल्याच चाहत्यांपैकीं कित्येकांनीं त्या रात्रीं आग पाखडली. अँड्र्यूज यास लहानपणापासून मधुमेह आहे व त्या रोगानें पीडित मुलांसाठीं तो काम करतो. तेव्हां जिंकलेल्या बफलोच्या एका चाहत्यानें त्याच्या नांवें मधुमेहाच्या संस्थेसाठीं निधि सुरू केला, आणि बफलोकरांनीं पाहतां पाहतां त्यांत एक लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम घातली.

ॲलन मोठा कीं जॅक्सन, यावर तेच बफलोकर दुसऱ्या दिवशीं पुन्हा तावातावानें भांडले असतील, आणि भांडावें. आमचा त्यास विरोध नाहीं. आमच्या घरांतही सायंकाळीं मुलें खेळाडूंवरून हमरीतुमरीवर येतात, तेव्हां त्यांस गप्प बसविण्यापेक्षां एवढेंच विचारावें: तूं कोणता प्रश्न सोडवीत आहेस, आणि ज्याच्याविषयीं बोलतोस तो समोर बसला असता तर हेंच बोलला असतास काय? या दोन प्रश्नांस ज्याला सरळ उत्तर देतां येईल, त्यानें रात्रीं जेवणाचीं पानें वाढेपर्यंत खुशाल वाद करावा.